दुखणेकऱ्यास बोलू द्या

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्य-सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या सभेत आरोग्याविषयी चार शब्द सांगावे, अशी चालकमंडळींनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही डॉक्टर नव्हे. कोणत्या दुखण्यावर कोणते औषध द्यावे हे आम्ही सांगणार नाही, आणि आम्ही ते सांगू लागलो तरी आपण ऐकू नये. परंतु दुखणेकऱ्याच्या उशाशी बसण्याचे प्रसंग धर्मगुरूस वारंवार येतात. तेथे बसून बसून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे, ती मात्र आज आपल्यापुढे मांडतो. औषधाच्या आधी एक क्रिया घडावी लागते. तिला पैसा पडत नाही, यंत्र लागत नाही, आणि तरीही ती पुष्कळदा घडतच नाही. ती क्रिया म्हणजे दुखणेकऱ्याने आपली हकीकत सांगणे व डॉक्टरांनी ती नीट ऐकून घेणे.

दवाखान्यातील नेहमीचा देखावा डोळ्यांपुढे आणा. गावाकडून एक तरुण सून तपासणीस आली आहे. सोबत सासू आहे, नवरा आहे. डॉक्टर विचारतात, "बाई, काय होते?" बाईने तोंड उघडण्यापूर्वीच सासूबाई उत्तर देतात, "काही नाही हो, अशक्तपणा आहे. एक सलाईन लावा म्हणजे झाले." नवरा पुस्ती जोडतो, "नीट जेवत नाही." बाई खाली मान घालून पदराशी चाळा करीत बसलेली असते. बाटली लागते, पैसे दिले जातात, मंडळी घरी परततात. आणि जी व्यथा सांगण्यास ती बाई आली होती ती तशीच तिच्याबरोबर घरी येते. यात सासूच्या मनात काही वाईट असते असे मुळीच नव्हे. ती काळजीपोटीच बोलते. पण दुखणे एकाच्या अंगात आणि तोंड दुसऱ्याचे, असा हा प्रकार झाला.

रोग्यास प्रश्न विचारणे ही काही अलीकडची टूम नव्हे. आपल्या देशात वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या ग्रंथात रोगपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत: पाहणे, स्पर्श करणे आणि विचारणे. ज्या इफिस नगरीतील मंडळीस लिहिलेले पत्र आपण उपासनेत ऐकतो, त्याच नगरीत इसवी सन १०० च्या सुमारास रुफस नावाचा एक वैद्य होऊन गेला. रोग्यास कोणते प्रश्न करावेत या एवढ्याच विषयावर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, प्रथम खुद्द रोग्यासच विचारावे. कारण त्याच्या उत्तरांवरून रोगाचा पत्ता तर लागतोच, शिवाय त्याचे मन कितपत ठिकाणावर आहे हेही कळते. मूल लहान असेल किंवा रोगी बेशुद्ध असेल, तरच भोवतालच्या मंडळींकडे वळावे. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या वैद्याने आपल्या सासूबाईंस जणू नम्रपणे दोन पावले मागे सरण्यास सांगितले आहे.

आता कोणी म्हणेल, "फादर, त्या काळी यंत्रे नव्हती म्हणून विचारावे लागे. आज रक्त तपासता येते, फोटो काढता येतो, सोनोग्राफी होते. बोलण्यात वेळ कशाला दवडावा?" या शंकेचे उत्तर डॉक्टरांनीच शोधून ठेवले आहे. इंग्लंडातील हॅम्प्टन नावाचे डॉक्टर व त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. नव्याने आलेले ८० रोगी त्यांनी घेतले. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून व रोग्याची हकीकत ऐकून जे निदान केले, तेच ६६ रोग्यांच्या बाबतीत अखेरपर्यंत खरे ठरले. अंग तपासल्यामुळे ७ जणांचे निदान बदलले आणि प्रयोगशाळेतील तपासण्यांमुळे आणखी ७ जणांचे. तपासण्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, कोणती तपासणी करावी हे प्रथम हकीकतच सांगते. हकीकतीवाचून केलेली तपासणी म्हणजे पत्ता न लिहिता टपालात टाकलेले पाकीट होय.

डॉक्टर काय विचारतात आणि का विचारतात, हे आपणांस ठाऊक असले तर उत्तरे देणे सोपे जाईल. त्यांचा पहिला प्रश्न असतो: काय होते व केव्हापासून होते? यातील 'केव्हापासून' फार मोलाचे आहे. दोन दिवसांचा खोकला निराळा आणि दोन आठवड्यांचा निराळा. दोन आठवडे खोकला हटला नाही तर क्षयाची शंका धरून बेडका तपासावा लागतो. दुखणे प्रथम कोठे उठले व मग कोठे गेले, हेही सांगावे. बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांनी उजव्या बाजूस खाली उतरणारी कळ ऐकली की डॉक्टरांस आंत्रपुच्छाची सूज आठवते. काय केल्याने वाढते, काय केल्याने थांबते, हेही महत्त्वाचे. चढण चढताना छाती आवळते आणि बसले की बरे वाटते, असे कोणी सांगितले तर समंजस डॉक्टर त्यास 'गॅस' म्हणून घरी पाठविणार नाही. आपल्याकडे मात्र छातीतले सारे काही 'गॅस' या एका शब्दात कोंबून लोक सोड्याचे पाणी पीत बसतात आणि मोलाचे तास निघून जातात.

येथे आपल्या मराठीचे ऐश्वर्य कामी येते. दुखण्यासाठी आपल्या आयाबायांनी किती शब्द घडविले आहेत पाहा! कळ येते नि जाते; ठणका नाडीबरोबर उडतो; चमक विजेसारखी निघून जाते; मुरडा पिळून काढतो; रग अंगात भरून राहते; हातापायांस मुंग्या येतात. तापाचेही तसेच: कणकण निराळी, हुडहुडी निराळी, आणि अंगात मुरलेली कसर निराळी. अशा एकेका शब्दात अर्धे निदान भरलेले असते. डॉक्टरांपुढे गेल्यावर हे शब्द टाकून, कोठून तरी ऐकलेली दोन इंग्रजी नावे फेकण्यात काही थोरवी नाही. "मला ॲसिडिटी आहे" हे रोग्याने केलेले निदान झाले. "जेवल्यानंतर तासाभराने छातीच्या मध्यभागी आग होते" ही झाली हकीकत. डॉक्टरांस हकीकत हवी असते.

पुढचा प्रश्न मागील आजारांचा व औषधांचा. ज्याने पूर्वी क्षयाचे औषध सुरू करून दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडून दिले, त्याने ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. अर्धवट सोडलेल्या उपचारामुळे क्षयाचे जंतू औषधास दाद देईनासे होतात, आणि अशा रोग्यास निराळी औषधे लागतात. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता काय, हे तिशीतल्या माणसास विचारण्याचे कारण असे की, त्या तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडलेल्या असू शकतात. इंजेक्शनाने पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास कोंडला असेल, तर ते न विचारता सांगावे. आणि वैदूचा पाला, कोणाकडून आणलेली पुडी, दुकानातून घेतलेली गोळी, हे सारे डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नये. डॉक्टर रागावले तर घटकाभर रागावतील. न सांगितल्याचा त्रास शरीरास पुष्कळ दिवस भोगावा लागतो.

मग धंद्याची चौकशी. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि बजावले की, रोग्यास "तुझा धंदा कोणता?" हे विचारण्यास विसरू नये. आपल्या जिल्ह्यास हा प्रश्न किती लागू पडतो! संगमनेर व नगर येथे तंबाखूच्या भुकटीत दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या भगिनी आहेत. पिकावर औषध फवारणारे शेतकरी व मजूर आहेत. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी व अंधारी आली, तर कोणते औषध फवारले त्याचा डबाच दवाखान्यात न्यावा. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे फुंकर घालणाऱ्या माता आहेत. त्यांनी उभ्या आयुष्यात विडी ओढलेली नसते, तरी फुप्फुसे मात्र विडी ओढणाऱ्यासारखी होतात. आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून कोयता घेऊन ऊसतोडीस निघणारी कुटुंबे आहेत. त्यांची हकीकत तर अर्धी या गावी, अर्धी त्या गावी सांडलेली असते. गरोदरपणाचे कार्ड घरी राहते आणि बाळंतपण कारखान्याच्या तळावर येते. अशा मंडळींनी औषधाचे कागद भाकरीच्या फडक्याइतकेच आठवणीने बरोबर बांधून घ्यावेत.

आता लपविल्या जाणाऱ्या गोष्टींकडे वळतो, कारण खरा घोटाळा येथेच आहे. घरचा कर्ता पुरुष रोज दारू पितो. त्याचा पाय मोडला म्हणून त्यास रुग्णालयात ठेवले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा अब्रूसाठी घरच्यांनी सांगितले की, "छे, छे! शिवत देखील नाही." दोन-तीन दिवसांनी तो थरथरू लागतो, भलतेसलते बरळू लागतो, भिंतीवर नसलेले किडे पाहतो. रोजची दारू एकाएकी बंद झाल्यामुळे असे होते, आणि वेळीच उपाय न झाल्यास त्यात प्राणही जातो. पहिल्या दिवशी खरे सांगितले असते तर डॉक्टरांनी आधीच बंदोबस्त केला असता. घराची अब्रू राखावयास गेलो आणि घरधनी गमावून बसलो, असा हा व्यवहार होतो. तीच गोष्ट मिश्रीची, गुटख्याची, त्वचेवरील बधिर चट्ट्याची, क्षयाची व एचआयव्हीची. महारोगाच्या नावाने आपण अजून दचकतो. परंतु १९८१ पासून चालत आलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. दचकून दडविलेला चट्टा मात्र बोटे वाकवितो.

कोणास वाटेल, "सांगावे खरे, पण गावभर झाले तर?" ही भीती खोटी नाही. पापनिवेदनाचा शिक्का धर्मगुरूने मोडता कामा नये, हे आपण जाणता. डॉक्टरांसही गुप्ततेचे बंधन आहे. ते ग्रीक वैद्यांच्या शपथेइतके जुने आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ साली देशात कायदाच झाला असून, रोग्याच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करणे त्याने सर्वसाधारणपणे निषिद्ध केले आहे. परंतु कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचतो. बाकावर बसलेल्या आपल्या कानांपर्यंत व चावडीवरील आपल्या जिभेपर्यंत तो पोहोचत नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच पहाऱ्यास उभी राहिली पाहिजे. दुसऱ्याचे दुखणे कानी पडले तर ते कानातच राहू द्यावे.

स्त्रियांच्या हकीकतीविषयी निराळे बोलणे अवश्य आहे. आनंदीबाई जोशी अवघ्या १४ वर्षांच्या असताना त्यांचे पहिले मूल दहा दिवसांत दगावले. पुढे १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी श्रीरामपूर, म्हणजे बंगालमधील श्रीरामपूर, आपले नव्हे, येथे त्यांनी भाषण केले. आपल्या देशातील स्त्रियांस पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणाने आपली दुखणी मांडता येत नाहीत, यास्तव स्त्री-डॉक्टरांची फार गरज आहे, असे त्यांनी त्यात सांगितले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढल्याच वर्षी निवर्तल्या. त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी काय स्थिती होती? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ साली ती 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. शेकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले. आणि पूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेकडा ८. इतक्या भगिनी दुखणे अंगावर काढीत पाणी आणीत होत्या, शेतात राबत होत्या, भाकरी भाजीत होत्या. त्यांस कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

विचारणारे माणूस कसे असावे, याचा धडा मात्र आपल्याच जिल्ह्याने जगास दिला आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोर येथे शिकले, काही वर्षे नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात राबले, आणि १९७० साली त्यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावात जाऊन ते विचारू लागले, तेव्हा लोकांनी औषध मागितले नाही. अन्न व पाणी मागितले. डॉक्टरांनी ते ऐकले आणि तेथूनच आरंभ केला. शिकलेल्या परिचारिका गावात पाठवून पाहिल्या, परंतु परक्या मुलीपुढे गावच्या बाया मन मोकळे करीनात. तेव्हा गावानेच निवडलेल्या प्रौढ स्त्रियांस शिकविण्याचे ठरले. त्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत, गावी परतत, आणि घरोघर विचारपूस करीत. कोणाचे मूल दूध पीत नाही, कोणाचे दिवस भरत आले, कोण महिनाभर खोकतो आहे, हे त्यांस कळे. कारण त्या त्याच आळीत राहत आणि त्याच पाण्यावर भेटत. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. हे एकट्या विचारपुशीने घडले असे आम्ही म्हणत नाही. पाणी, अन्न, लस, स्वच्छ बाळंतपण या सर्वांचे ते फळ. परंतु कोणत्या दारात काय हवे आहे, हे विचारल्यावाचून कळले नसते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. २००५ पासून सरकारी योजनेतून गावोगाव फिरणाऱ्या आशाताईही याच वाटेने चालत आहेत. त्या दारी आल्या तर "सगळे ठीक आहे" म्हणून त्यांस वाटेला लावू नका.

डॉक्टरमंडळींपैकी काही येथे बसलेली आहेत. त्यांसही एक विनंती. आपल्या दारी रांग असते हे आम्ही पाहतो. तरीही १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत ७४ भेटींपैकी केवळ १७ भेटींत रोग्यास आपले पहिले म्हणणे पुरे करता आले; सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत. उलट २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये ३३५ रोग्यांस मध्ये न अडविता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांत आपण होऊन थांबले. दीड मिनिट!  तेवढे दान आपण सहज करू शकाल.

शुभवर्तमानातही ही रीत आढळते. मार्क सांगतो की, झटके येणाऱ्या मुलास बापाने प्रभूकडे आणले, तेव्हा बरे करण्यापूर्वी प्रभूने त्या बापास, याला हे केव्हापासून होते, असे विचारले. आणि बापाने बाळपणापासूनची हकीकत सांगितली. सर्वज्ञास विचारण्याची काय गरज होती? गरज त्या बापाला सांगण्याची होती. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीलाही प्रभूने गर्दीत थांबून सर्व काही सांगू दिले. तिच्या वतीने कोणी दुसरा बोलला नाही.

असो. आता आमच्या सूचना थोडक्यात सांगतो. घरात प्रत्येकाची एक पिशवी असावी. तीत जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद व चालू गोळ्यांची पाकिटे ठेवावीत. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या रात्री, दुखणे केव्हा व कसे सुरू झाले हे आठवून शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीच्या पानावर लिहून घ्यावे. सर्वांत मोठी तक्रार शेवटी उठता उठता सांगू नये, आधी सांगावी. सूनबाईस, लेकीस, म्हाताऱ्या आईस डॉक्टरांपुढे पाच मिनिटे एकटे बसू द्यावे, आणि आपण बाहेर बाकावर बसावे. मूल, बेशुद्ध माणूस किंवा बोलू न शकणारा रोगी असेल तर मात्र सोबत्याने डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. तर्क सांगू नये.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलमंडळींनी या धर्मग्रामाचा पाया घातला, तेव्हा त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. एकमेकांची विचारपूस मात्र होती. मंदिराच्या रंगरंगोटीबरोबर तेवढी एक जुनी वस्तू आपण पुन्हा घासूनपुसून वापरात आणावी, एवढेच आमचे मागणे.  प्रभू आपणां सर्वांस आरोग्य देवो.